बाणाच्या फळाची धार : प्रस्तावना

धनुष्य हे शस्त्र म्हणून दुर्बळ आहे. धनुर्विद्येचा अभिमान बाळगणाऱ्या वाचकास हे विधान प्रथमदर्शनी रुचणार नाही. तथापि या पुस्तकातील सारा विचार त्याच एका वस्तुस्थितीवर उभा असल्यामुळे ती आरंभीच स्पष्टपणे मांडणे मला अवश्य वाटते. हाताने ओढावयाच्या साध्या लाकडी किंवा बांबूच्या धनुष्यातून सुटलेला, तीस-बत्तीस ग्रॅम वजनाचा बाण सेकंदाला पन्नास मीटरच्या सुमाराने जातो असे धरले, तर त्याच्या अंगची गतिज ऊर्जा ४० ज्यूलच्या आगेमागे भरते. मोठ्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या रायफलीच्या गोळीची हीच ऊर्जा ३,००० ज्यूलच्याही वर जाते. गोळी नुसत्या आघातानेच अवयवांचा विध्वंस करते, हाडे फोडते, जनावराला बहुधा जागच्या जागी लोळवते. बाणाच्या अंगी असला आघात नाही. तो हलका, त्या मानाने संथ, आणि लक्ष्यापर्यंत पोहोचल्यावर त्याला करता येण्याजोगे काम एकच उरते, ते म्हणजे कापण्याचे. सबब दोर ओढणाऱ्याचे बळ, नेम धरणाऱ्याची दृष्टी आणि धनुष्य घडवणाऱ्याचे कसब या सर्वांची फलश्रुती शेवटी बाणाच्या टोकाला बसवलेल्या, दोन-अडीच इंच लांबीच्या पोलादी पात्याच्या, म्हणजे फळाच्या, कडेवर अवलंबून राहते. आणि ती कड बोथट असेल तर आधीचे सारे बळ, दृष्टी आणि कसब वाया जाऊन त्याची परिणती एका मुक्या प्राण्याच्या दीर्घ यातनेत होते.

ही यातना कशी उद्भवते ते समजून घेतल्यावाचून धारेचे महत्त्व मनावर ठसत नाही, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतो. रक्तवाहिन्या लवचीक, निसरड्या आणि भोवतालच्या मऊ मांसात थोड्याफार सैल बसलेल्या असतात. बोथट विळीखाली पिकलेला टोमॅटो जसा दबतो, सरकतो, पण चिरला जात नाही, तशा त्या बोथट पात्यापुढे बाजूला होतात. आणि ज्या फाटतात त्यांच्या चिंध्या झालेल्या कडा आकुंचन पावून तेथे रक्त लवकर साकळते. जखम होते, परंतु रक्त वाहत नाही. जनावर जाळीत शिरते, दिवसेंदिवस पाण्याच्या कडेने रेंगाळते आणि जखमेत पू होऊन मरते. याउलट वस्तऱ्यासारख्या तीक्ष्ण पात्याने स्वच्छ कापलेली वाहिनी सहसा मिटत नाही; रक्तदाब झपाट्याने उतरतो आणि नेम योग्य जागी बसला असेल तर काही क्षणांतच प्राण्याची शुद्ध हरपते. एकाच धनुष्यातून, एकाच हाताने सोडलेल्या दोन बाणांमध्ये एवढे अंतर केवळ धारेमुळे पडते. म्हणूनच फळाला धार लावणे हा धनुर्धराच्या नीतीचा प्रश्न आहे असे मी मानतो, आणि हाताने धार लावणे हा त्या नीतीचा अभ्यास आहे असेही मानतो. या दोन विधानांचे समर्थन करणे एवढाच या प्रस्तावनेचा उद्देश आहे.

हे लेखन गुंजीत झाले, आणि ते गुंजीतच का व्हावे याविषयी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. गुंजी हे बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील, खानापूर आणि लोंढा यांच्या दरम्यान लोहमार्गावर वसलेले, माउली देवीच्या नावाने पंचक्रोशीत ओळखले जाणारे गाव. भाषेने मराठी, आणि मुलकी दृष्ट्या १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात, तेव्हापासून म्हैसूर म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात असलेले. याच तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, याच तालुक्याच्या रानातून म्हादई गोव्याकडे उतरते, आणि कदंब राजांची पलाशिका म्हणजे आजची हलशी हीही याच तालुक्यात आहे. या मुलखात जागोजाग उभ्या असलेल्या वीरगळांवर धनुष्य आकर्ण ओढलेले योद्धे कोरलेले आढळतात; शिल्पकाराने त्यांचे बाण कोरले, भाते कोरले, परंतु ते बाण आदल्या रात्री कोणी, कोणत्या दगडावर पाजळले याची नोंद दगडावर होत नसते. गवा, सांबर, भेकर आणि रानडुक्कर यांनी भरलेल्या या अरण्यात भातशेती राखणे आणि पारध करणे या दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींना लागून चालत आल्या. हाकारे रान उठवीत, शिकारी मोक्याच्या वाटा धरून बसत, आणि पडलेल्या जनावराचे वाटे घरोघर जात.

ही वहिवाट आता संपुष्टात आलेली आहे, आणि ती कशी आली हा इतिहासही या विषयाला लागूनच आहे. १८५७ साली कंपनी सरकारने हत्यारबंदीचा कायदा जारी केला तेव्हा येथून ईशान्येकडे, घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानातील हलगली गावच्या बेरडांनी आपली हत्यारे सरकारजमा करण्यास नकार दिला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात फौज पाठवून तो उठाव मोडण्यात आला आणि कित्येकांना फाशी देण्यात आली. पुढे १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यात ‘हत्यार’ या संज्ञेची जी व्याख्या केली गेली तिच्यात तोफा, बंदुका, तलवारी आणि भाले यांच्याबरोबर धनुष्यबाणाचाही नावानिशी समावेश होता. रेल्वे, तार आणि ब्रीचलोडर बंदुका हाती असलेल्या सत्तेला बांबूच्या कमानीची नोंद घ्यावीशी वाटली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यानंतरचे कायदे मात्र वेगळ्या प्रेरणेतून आले. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला, १९७२ साली संसदेने वन्य जीव संरक्षण अधिनियम संमत केला, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीवरील मनाई जवळजवळ सरसकट झाली, आणि २०११ साली आमच्या शेजारचे भीमगडचे रान अभयारण्य म्हणून घोषित झाले. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत राहणारे, जगात अत्यंत विरळ असे रॉटनचे वटवाघूळ ज्या रानात आहे, त्या रानाला इतके संरक्षण मिळालेच पाहिजे होते, असे माझे निःसंदिग्ध मत आहे.

तेव्हा हे पुस्तक शिकारीचे आमंत्रण नव्हे, हे कोणीही वाचक दृष्टीआड करू नये. भारतात बाणाने वन्य प्राणी मारणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहावा. आजही आमच्या बाजूला डुकरांपासून पीक वाचवण्याच्या नावाखाली तारेचे फासे लावले जातात, खाद्यात गावठी स्फोटके दडवली जातात, आणि त्यांत जबडा फाटलेले जनावर कित्येक दिवस उपाशी फिरत राहते. हे ज्याने एकदा पाहिले त्याला वेदनेविषयी उदासीन अशा कोणत्याही साधनाचा मनापासून तिटकारा येतो. माझ्या मनात धारेचा विचार मूळ धरू लागला तो याच तिटकाऱ्यातून. आपल्या पूर्वजांनी प्राणी मारले, हे खरे. परंतु मारताना कमीत कमी यातना व्हाव्यात यासाठी त्यांच्यापैकी जे विचारी होते त्यांनी लोखंड, दगड, तेल आणि लाकूड यांचा किती बारकाईने अभ्यास केला होता, हे ज्ञान शिकार थांबली म्हणून नष्ट व्हावे असे मला वाटत नाही.

आपल्या ग्रंथांत या ज्ञानाचे अवशेष विखुरलेले आहेत. धनुर्वेदाच्या परंपरेतील ग्रंथांत, आणि त्या परंपरेचे संकलन करणाऱ्या चौदाव्या शतकातील शार्ङ्गधरपद्धतीत, बाणाच्या फळांचे प्रकार आकारावरून सांगितले आहेत : आरामुख, क्षुरप्र, गोपुच्छ, अर्धचंद्र, सूचीमुख, भल्ल, वत्सदंत, द्विभल्ल, कर्णिक, काकतुंड. यातले सूचीमुख कवच भेदण्यासाठी, अर्धचंद्र छेदनासाठी, क्षुरप्र नावाप्रमाणेच वस्तऱ्यासारखे कापण्यासाठी; आज पाश्चात्त्य धनुर्धर ज्याला ब्रॉडहेड म्हणतात ते रुंद पात्याचे फळ याच कापणाऱ्या कुळातले. पिंपळी, सैंधव आणि कोष्ठ गोमूत्रात वाटून त्याचा लेप फळाला द्यावा, ते तापवावे आणि तेलात विझवावे, अशी पाणी देण्याची कृतीही तेथे आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत खड्गलक्षणाच्या अध्यायात याच जातीच्या कृती आहेत. केळीच्या क्षारात ताक मिसळून ते मिश्रण दिवसभर ठेवावे, आणि त्याचे पाणी दिलेले लोखंड दगडावर नीट पाजळले असता ते मोडत नाही आणि दुसऱ्या धातूवर आपटूनही बोथट होत नाही, असे तो सांगतो. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या मानसोल्लासात तर मृगयेवर स्वतंत्र प्रकरणच आहे, आणि तो राजा आमच्याच मुलखाचा धनी होता.

परंतु धारेविषयी सर्वांत सखोल विचार मला ज्या ग्रंथात आढळला तो धनुर्वेदाचा नाही, मृगयेचा नाही. तो शल्यचिकित्सेचा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील शस्त्रांविषयीचा आठवा अध्याय धार लावू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने वाचावा, इतका तो अनुभवाने भरलेला आहे. धार एकाच जातीची नसते, ती कामानुरूप असते, हे सुश्रुत प्रथम सांगतो : भेदनाच्या शस्त्राची धार मसुराएवढी, लेखनाच्या शस्त्राची अर्ध्या मसुराएवढी, शिरा वेधण्याच्या आणि रक्त वाहवण्याच्या शस्त्राची केसाएवढी, आणि छेदनाच्या शस्त्राची अर्ध्या केसाएवढी. मग तो पाणी देण्याचे तीन प्रकार सांगतो, क्षाराचे, पाण्याचे आणि तेलाचे. शरीरात रुतलेले बाण व शल्य काढताना आणि हाड छेदताना लागणाऱ्या शस्त्राला क्षाराचे, मांस कापण्याच्या शस्त्राला पाण्याचे, शिरा वेधणाऱ्या आणि स्नायू छेदणाऱ्या शस्त्राला तेलाचे पाणी द्यावे, असा त्याचा निर्देश आहे. पाजळण्यासाठी उडदाच्या रंगाचा गुळगुळीत दगड घ्यावा, आणि पाजळून झाल्यावर धार स्थिर करण्यासाठी शाल्मलीची, म्हणजे सावरीची, फळी वापरावी. धार केस कापू लागली म्हणजे शस्त्र कामास योग्य झाले असे समजावे. आणि याच अध्यायात, शस्त्रांचे दोष मोजताना खरखरीत धार हा दोष सांगून, त्याला एकच अपवाद तो नोंदवतो : करवत, कारण हाड कापण्यासाठी तिची धार खरखरीतच हवी.

हा अपवाद मी मुद्दाम उद्धृत केला आहे, कारण त्याने गेल्या शंभर वर्षांतील एक वाद माझ्यापुरता मिटवला. अमेरिकेत हातधनुष्याच्या शिकारीचे पुनरुज्जीवन झाले ते एका विलक्षण भेटीतून. ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा अखेरचा माणूस ईशी १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे रानातून बाहेर आला. सॅन फ्रान्सिस्कोचा शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याचा वैद्य, मित्र आणि धनुर्विद्येतला शिष्य झाला. १९१६ साली ईशी क्षयाने वारला, आणि १९२३ साली पोपने धनुष्यबाणाच्या शिकारीवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. ईशी ज्वालामुखी काचेची फळे हरणाच्या शिंगाच्या टोकाने दाबून, कपचे उडवून घडवीत असे. पोप आणि त्याचे अनुयायी पोलादी पात्यांना कानशीने धार लावीत. एका शल्यचिकित्सकाने आधुनिक जगात ही विद्या पुन्हा उभी करावी, आणि आपल्याकडे तिचे सर्वोत्तम शास्त्र एका शल्यतंत्राच्या ग्रंथात सापडावे, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. कापले गेल्यावर आत काय होते हे पोप आणि सुश्रुत या दोघांना ठाऊक होते. पुढे तिकडच्या धनुर्धरांत दोन पंथ पडले. एक पंथ म्हणतो की कानशीने उमटलेले बारीक दाते तसेच राहू द्यावेत, कारण ते करवतीसारखे मांसात धरतात. दुसरा म्हणतो की दगड आणि चामडे यांवर घासून धार आरशासारखी गुळगुळीत करावी. मी निःशंकपणे दुसऱ्या पंथाचा आहे. दातेरी कड हाडावर काम करते, मऊ आणि निसरड्या वाहिनीला ती फाडते. ती लवकर गंजते. आणि तिचे दाते पहिल्याच कठीण स्पर्शाला वाकतात. करवत हाडासाठी, हा सुश्रुताचा निवाडा मला येथे पुरेसा वाटतो.

आता ‘हाताने’ या शब्दाविषयी. विजेच्या सराणीवर दोन मिनिटांत धार निघते, मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्याचे पहिले उत्तर पोलादाच्या प्रकृतीत आहे. पाणी दिलेले पोलाद पुन्हा तापले की त्याची कठिणता उतरू लागते. कड पिवळसर दिसू लागली म्हणजे उष्णता दोनशे अंशांच्या पलीकडे गेली, आणि निळी झाली म्हणजे ती तीनशेच्या घरात पोहोचली. फळाचे पाते पातळ असते, कडेशी तर ते कागदाहून पातळ होते, आणि फिरत्या चाकावर ती उष्णता एका श्वासात साठते. लोहार अशा पात्याकडे पाहून ‘पाणी उतरलं’ एवढेच म्हणतो आणि ते बाजूला टाकतो. दगडावर हाताने घासताना पाते कधीच इतके तापत नाही. दुसरे उत्तर हाताच्या प्रकृतीत आहे. धारेचा कोन, दाब आणि कडेची स्थिती यांची जाणीव बोटांना होते, यंत्राला होत नाही. आणि ज्याच्या बोटांना ती झाली नाही त्याला आपले फळ खरोखर तीक्ष्ण आहे की नाही हे सांगता येत नाही. अंदाजाने तीक्ष्ण मानलेले फळ हेच पूर्वी सांगितलेल्या यातनेचे मूळ.

कृतीचे सविस्तर वर्णन पुढील प्रकरणांत येईलच; येथे फक्त तिची रूपरेषा वाचकासमोर ठेवतो. फळ बाणाच्याच वीतभर काडीवर पक्के बसवावे, म्हणजे धरायला मूठ मिळते आणि बोटे कडेपासून दूर राहतात. गोडेतेलाच्या दिव्यावर पात्याच्या दोन्ही अंगांना हलकी काजळी धरावी. मग बारीक दाताची सपाट कानस फळीवर स्थिर ठेवून त्यावर पाते प्रत्येक अंगाने वीस ते पंचवीस अंशांच्या कोनात धरून एकदाच, एकाच दिशेने, कड पुढे ठेवून सरकवावे आणि उजेडात पाहावे. काजळी फक्त वरच्या खांद्याशी गेली असेल तर कोन कमी पडला. फक्त कडेशी गेली असेल तर जास्त झाला. संपूर्ण उतार उजळला असेल तरच पुढे जावे. नवशिका या पायरीवर घाई करतो आणि मग सबंध दिवस चुकीच्या कोनाशी झुंजत बसतो. काही वेळाने पलीकडच्या अंगाला नखाने चाचपल्यास लोखंडाची एक केसासारखी किनार उभी राहिलेली जाणवते. ती टोकापासून बुडापर्यंत अखंड जाणवली म्हणजे एका अंगाचे काम झाले. मग दुसरे अंग. कानशीनंतर दगड, आणि दगडावर दर फेरीला दाब कमी कमी करत जावा, इतका की शेवटी पात्याचे स्वतःचे वजनच तेवढे दगडावर राहावे. शेवटी चामड्याचा पट्टा, ज्यावर न्हावी वस्तरा फिरवतो तसा; येथे मात्र कड मागे ठेवून पाते ओढावयाचे असते, पुढे ढकलल्यास पट्टा कापला जातो आणि धारही वळते.

पट्ट्याऐवजी सुश्रुताने सांगितलेली सावरीची फळी मी वापरून पाहिली. काटेसावर आमच्या रानात भरपूर आहे. तिचे लाकूड हलके, मऊ आणि सच्छिद्र असते, इमारतीच्या कामी कोणी त्याला फारशी किंमत देत नाही. वाळलेल्या फळीचा तुकडा रंध्याने सपाट करून, त्यावर तेलात कालवलेली विटेची वस्त्रगाळ पूड चोळून तिच्यावर पाते ओढले, तेव्हा ती उरलेली केसासारखी किनार चामड्यापेक्षाही स्वच्छ निघाली. चामडे पात्याखाली थोडे दबते आणि कडेपाशी वर उचलते, त्यामुळे धार किंचित गोलावते. सावरीचे लाकूड दबत नाही, तरीही कडेला इजा करण्याइतके कठीण नसते. ‘धारासंस्थापन’, म्हणजे धार स्थिर करणे, हा शब्द त्या प्राचीन वैद्याने किती जोखून वापरला होता हे त्या दिवशी माझ्या ध्यानी आले.

धार उतरली की नाही हे पाहण्याच्या कसोट्या पुष्कळ आहेत. त्यांतील दोन मला विश्वसनीय वाटतात. दिव्यासमोर पाते कडेकडून डोळ्यांच्या रेषेत धरावे : तीक्ष्ण कड मुळीच दिसत नाही, कारण प्रकाश परतवण्याइतकी रुंदी तिला नसते, जेथे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो तेथे ती बोथट आहे. दुसरी, ताणून बांधलेल्या रबरावर पाते नुसते टेकवून पुढे ढकलावे. ओढल्यावाचून, दाबल्यावाचून ते तुटले पाहिजे. अंगावरचे केस काढून दाखवणे ही लोकप्रिय कसोटी आहे, परंतु थोडी खरखरीत धारही केस काढते, त्यामुळे ती एकटी पुरेशी नाही.

पात्यांच्या रचनेविषयी थोडक्यात. दोन पात्यांचे साधे फळ हाताने पाजळण्यास सर्वांत सोयीचे. तीन पात्यांचे फळ दगडावर ठेवले की दोन कडा आपोआप टेकतात, त्यामुळे कोन सांभाळावा लागत नाही. परंतु तो कोन साठ अंशांचा, म्हणजे बराच जाड पडतो. एकाच अंगाने उतार दिलेले फळ आत शिरताना स्वतःभोवती वळते आणि हाडाला उकलते, असा त्याचा लौकिक आहे. टोक मात्र सुईसारखे ठेवू नये. ते हाडावर दुमडते. किंचित छिन्नीसारखे सपाट केलेले टोक टिकते.

साहित्याच्या बाबतीत आपला मुलूख मुळीच दरिद्री नव्हता. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या जांभ्या दगडातून लोखंड काढणारे धावड महाबळेश्वरापासून कोल्हापूरच्या घाटमाथ्यापर्यंत भट्ट्या लावीत. एकोणिसाव्या शतकात जंगलातील कोळशावर निर्बंध आले, विलायती लोखंड स्वस्त झाले, आणि त्या भट्ट्या विझल्या. घटप्रभा गोकाकला ज्या वालुकाश्मावरून कोसळते त्या जातीचा बारीक कणांचा दगड पाजळण्यास उत्तम. म्हैसूरकडचा कुरुंद तर प्रसिद्धच. त्याची पूड लाखेत मिसळून शिकलगार आपली चाके करीत, आणि १८९१ साली अमेरिकेत ॲचेसनने विजेच्या भट्टीत कार्बोरंडम तयार करीपर्यंत त्याहून कठीण घर्षकद्रव्य सामान्य कारागिराच्या हाती नव्हते. राजे-सरदारांच्या सिलेखान्यांतील तलवारी उजळणारे शिकलगार, गावोगाव बैलगाडीतून भाता घेऊन फिरणारे घिसाडी, बलुतेदारीतले लोहार आणि न्हावी, या सर्वांपाशी धारेच्या ज्ञानाचा एकेक तुकडा होता. बलुत्याची व्यवस्था मोडली, ती मोडणे न्याय्यही होते. परंतु तिच्याबरोबर हे तुकडे एकत्र येण्याची जागाही गेली. सातपुड्यात भिल्लांचा तिरकमठा अद्याप घराघरांत आढळतो, त्याची दोरीसुद्धा बांबूच्या चोयीची असते. तेथे या विद्येचा धागा पुरता तुटलेला नाही. मैदानी तिरंदाजीत महाराष्ट्राने मोठे नाव मिळवले आहे, २०२३ साली बर्लिन येथे सातारची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले. पण त्या खेळाच्या बाणांना टोक असते, धार नसते, आणि नसावीच.

सरतेशेवटी आमच्या पावसाविषयी, कारण या घाटमाथ्यावर धारेचा खरा शत्रू तोच आहे. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा असा असतो की रात्री उत्तम पाजळलेले उघडे पाते दोन-चार दिवसांत कडेशी तांबूस होते. आणि गंज प्रथम खातो तो सर्वांत पातळ भाग, म्हणजे नेमकी धार. डोळ्यांना पाते जसेच्या तसे दिसते, रबर मात्र तुटत नाही. यासाठी फळांना तेलाचा हात देऊन, कड कशालाही टेकणार नाही अशा बेताने, लाकडी खाचांत वेगवेगळी ठेवावीत. भात्यात एकमेकांवर घासणारी फळे पावसाळ्यावाचूनही बोथटतात. चामड्याच्या म्यानात ठेवणे दिसायला छान, परंतु कमावलेले चामडे ओल धरते, आणि त्यातली द्रव्ये पोलादाला खातात.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे : पोलाद आणि त्याचे पाणी, दगड, कानस, फळी व पट्टा, कसोट्या, आणि जतन. संग्रहालयातील जुनी फळे ज्यांच्या हाताखाली येतात त्यांच्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण जोडले आहे, आणि त्यातला मुख्य सल्ला एवढाच की जुन्या फळावर नवी धार चढवू नये, कारण पूर्वीच्या कारागिराने ठेवलेला कोन हाच तेथील पुरावा होय. ज्या देशांत धनुष्याने शिकार करण्यास कायद्याचा परवाना आहे तेथील मराठी वाचकांनी आपापल्या मुलखातील नियम पाहावेत; अमेरिकेतील अनेक राज्यांत फळाची किमान रुंदी कायद्याने ठरवलेली आहे, उलट ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने धनुष्याने वन्य प्राणी मारण्यास मनाई आहे. पाजळताना बोटे कडेच्या मार्गात येऊ देऊ नयेत, आणि पाजळलेले फळ मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नये.

ज्या लोहारांनी, न्हाव्यांनी आणि घिसाड्यांनी आपले काम बाजूला ठेवून मला दगडाशेजारी बसू दिले, त्यांचा मी ऋणी आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांनी आपले नाव छापू नये असे सांगितले, म्हणून ते येथे दिलेले नाही. सातपुड्यातील, कोकणातील आणि आमच्या खानापूर-हल्याळच्या रानाकडील जाणकारांपाशी पाजळण्याच्या ज्या रीती असतील त्या त्यांनी मला कळवाव्यात, म्हणजे पुढील आवृत्तीत त्यांचा समावेश करता येईल.

गुंजी, तालुका खानापूर